नदीकाठी आलिशान, म्हणे!

गेल्या आठवड्यात पुण्याहून व्हॉट्सॲपवर एक ब्रोशर आलं. पाठवणारा आमचाच चुलतभाऊ. (नाव घालत नाही. हा ब्लॉग तोही वाचतो, आणि घरच्यांना तर कळलंच असेल!) मुठेच्या काठी बावीस मजले, वर पोहण्याचा तलाव, योगा डेक आणि खाली निळीशार नदी. त्या नदीत चक्क एक होडी. मी शिरोड्यात वाढले, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला की ही होडी चालवणार कोण आणि नाकाला काय बांधून?

असो. फ्लॅट त्याने स्वतःच्या पैशाने घेतला असता तर मी एक स्मायली पाठवून गप्प बसले असते. पण बुकिंगसाठी त्याला इथली खाडीकाठची माडाची बाग विकायची आहे. सातबारावर चार नावं आहेत, त्यातलं एक माझं. म्हणजे माझी सही हवी. ती मी देणार नाही. का, ते इथे एकदाच सगळ्यांना सांगते, प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगायचा कंटाळा आलाय.

ब्रोशरातली निळी नदी मुळात नाहीच. पुण्यात मुळा-मुठेत अजूनही मैलापाणी जातं. ते थांबवण्यासाठी २०१६ साली जपानच्या जायका संस्थेकडून मिळणाऱ्या पैशाचा करार झाला, त्यात ११ शुद्धीकरण केंद्रं बांधायची होती. ते काम रखडत राहिलं, आणि दरम्यान ४४ किलोमीटर काठ सुशोभित करायचा नदीकाठ प्रकल्प मात्र वाजतगाजत निघाला. मार्च २०२२ मध्ये त्याची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. आधी पाणी स्वच्छ करावं, मग बाकं मांडावीत, इतकं साधं आहे हे. आमच्याकडे पाहुणे यायच्या आधी लोक निदान केर तरी काढतात.

बरं, वास सहन करू म्हणा. पाण्याचं काय करायचं? पुण्याला १२ जुलै १९६१ची आठवण मी करून द्यायला नको, पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठाच्या पेठा गेल्या. पण ते धरण फुटलं होतं. २५ जुलै २०२४ला काहीच फुटलं नव्हतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेच्या धक्क्याने तीन माणसं गेली.

नदीच्या दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मधे अटींवर, जोतं उंच उचलून. त्या गुळगुळीत ब्रोशरमध्ये जिमची चटई कोणत्या रंगाची ते आहे, या रेषा नाहीत. मी भावाला विचारलं तर म्हणतो, "ताई, आपला चौदावा मजला आहे." अरे, चौदाव्या मजल्यावर पाणी येणार नाही, पण लिफ्टची मोटर, जनरेटर आणि पंप चौदाव्या मजल्यावर आहेत का? भरून घेतलेल्या काठामुळे जे पाणी पसरू शकलं नाही ते जाणार कुठे? खालच्या वस्तीत. पाटील इस्टेट, ताडीवाला रोड इथली माणसं मुठा फुगली की गाठोडी घेऊन महापालिकेच्या शाळेत जातात, हे पुण्यातल्या कुणालाही नवं नाही.

आणि याचं लाडकं वाक्य काय, तर "हा भाग आज कोणी विचारत नाही, पाच वर्षांनी बघ." कोणी विचारत नाही म्हणजे कोण? तिथे भाजी विकणारे, रिक्षा चालवणारे, धुणीभांडी करणारे राहतातच ना? त्यांना कोणी विचारत नाही हे खरं, पण मग तो दोष त्या भागाचा की विचारणाऱ्यांचा? हीच माणसं उद्या बिल्डिंगच्या भिंतीमुळे नजरेआड होतील, आणि सकाळी सातला सोसायटीच्या मागच्या दाराने आत येतील, पास दाखवून.

"माणसं नदीकाठीच राहत आली," असंही तो म्हणतो. राहत आली, पण कशी? आमच्याकडे घर वर, वाडीत. खाली खाजण, भात, माड. मिठागर बघ. ज्या मिठागरांमुळे १९३०च्या सत्याग्रहात शिरोड्याचं नाव देशभर झालं, तिथे भरतीचं पाणी उन्हाळ्यात आपल्याला हवं तेवढं आत घ्यायचं, आणि पावसाळ्यात ती जागा पाण्याला सोडून द्यायची. तेव्हा तिथे कोणी डेक बांधत नाही.

आता बागेचं गिऱ्हाईक. तो मुंबईचा गृहस्थ माड राखायला घेत नाहीये हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. २०११च्या सीआरझेडमध्ये खाडीकाठचं बंधन १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, जे कमी असेल ते. २०१९मध्ये ते १००चे ५० झाले. या उरलेल्या ५० मीटरवर किती जणांचा डोळा आहे ते सांगायला नको. म्हणजे एक नदीकाठ घेण्यासाठी दुसरा नदीकाठ द्यायचा, आणि दोन्हीकडे तीच बिल्डिंग! गावात पैसा यायला नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. वेळागरला १९९०च्या दशकात हॉटेलसाठी जमिनी घेतल्या आणि वाद वर्षानुवर्षं चालला, तेव्हाही सगळे विरोधक वेडे नव्हते आणि सगळे समर्थकही विकले गेलेले नव्हते. पण तिथे निदान रोजगाराची गोष्ट तरी होती. वर्षातले अकरा महिने कुलूप असलेल्या व्हिलात रोजगार एकाच माणसाला, वॉचमनला.

तर बाबा, पाटबंधारे खात्याचा निळी-लाल रेषा दाखवलेला नकाशा आण, त्यावर तुझी बिल्डिंग कुठे येते ती खूण कर, मग बोलू. घर हवंच असेल तर उंचावर बघ, मी माझ्या ठेवीतून हातउसने देईन, कागद न करता. बाग मात्र राहील. आणि हो, सोमवारी पाडेली येतोय. तुझ्या वाटणीचे नारळ पुण्याला पाठवू की इथेच विकून पैसे जमा करू, ते रविवारपर्यंत कळव.