घाट, मे महिना आणि ऑटोमॅटिक गाडी : गिअरबॉक्स का तापतो?

मे महिन्यातला शनिवार. वाईहून पाचगणीकडे निघालेली गाड्यांची रांग पसरणी घाटात अडकलेली. गाडीत पाच माणसे, डिकीत बॅगा, टपावर आणखी दोन आणि एसी फुल. गाडी चार फूट सरकते, थांबते, पुन्हा सरकते. थोड्या वेळाने डॅशबोर्डवर इशारा येतो : ट्रान्समिशन तापले आहे, गाडी सुरक्षित जागी थांबवा. पण एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि मागे हॉर्नचा कल्लोळ. थांबवायची कुठे?

मग चूक चालकाची की गाडीची, हा वाद सुरू होतो. खरी चूक त्याआधीच, शोरूममध्ये झालेली असते. ‘क्लचची कटकट संपली’ एवढेच सांगून ऑटोमॅटिक गाडी विकली जाते. ती कशाने तापते, हे कोणी सांगत नाही.

उष्णता येते कुठून?

‘ऑटोमॅटिक’ हा एकच प्रकार नाही. एएमटीमध्ये गिअरबॉक्स नेहमीचा मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने हा प्रकार सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणला. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात. काही गाड्यांत ते ऑइलमध्ये बुडालेले असतात, तर काहींत कोरडे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद ऑइलच्या प्रवाहातून पुढे जाते. सीव्हीटीमध्ये दोन पुलींमधला पट्टा किंवा साखळी हे काम करते.

प्रकार वेगळे असले तरी दुखणे बरेचसे सारखे आहे. इंजिन जोरात फिरते आणि चाके त्या प्रमाणात फिरत नाहीत, तेव्हा मधला फरक क्लचच्या घर्षणात किंवा ऑइलच्या घुसळणीत जिरतो आणि त्याची उष्णता होते. सपाट रस्त्यावर ही अवस्था क्षणभर टिकते. भरलेली गाडी चढावर इंचाइंचाने सरकत असेल, तर ती तासभर चालू राहते.

उन्हाळ्याने काय बिघडते?

गिअरबॉक्सचे ऑइल वंगण देते, क्लच दाबून धरण्यासाठी लागणारा दाब पुरवते आणि उष्णता वाहून नेते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ते साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियसला व्यवस्थित काम करते. त्यावर तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑइलचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा या क्षेत्रातला ढोबळ नियम आहे. ऑइल करपले की पकड सैल होते, पकड सैल झाली की घर्षण वाढते आणि ऑइल आणखी तापते.

बाहेर ४० अंश असताना ही उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम झालेली असते. गाडी धावत असेल तर समोरून वारा तरी मिळतो. कोंडीत सगळी मदार पंख्यावर असते. कोरड्या क्लचला तर ऑइलचाही आधार नसतो.

चाचणी आहे, पण आपल्यासाठी नाही

अमेरिकेत पिकअपमागे बोट किंवा कॅरॅव्हॅन जोडून ओढणे नेहमीचे आहे. गाडी किती वजन ओढू शकते, हे ठरवण्यासाठी तिथे ‘एसएई जे२८०७’ हे मानक आहे. त्यातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे : ११.४ मैलांची, म्हणजे सुमारे १८ किलोमीटरची चढण, तापमान किमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ३८ अंश सेल्सियस, आणि एसी पूर्ण चालू. उष्णता, चढ आणि ओझे एकत्र आले की गाडीचा खरा कस लागतो, हे तिथे मान्य आहे.

आपल्याकडे खासगी गाडीमागे ट्रेलर क्वचितच दिसतो. आपण ओझे ओढत नाही, गाडीत भरतो. वाई ते पाचगणी हा सुमारे ६०० मीटरचा चढ आपण सुट्टीच्या गर्दीत, थांबत थांबत चढतो. अमेरिकेतल्या त्या चाचणीत गाडीला किमान वेग तरी राखायचा असतो. आपल्याला तेही शक्य नसते.

अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ अशी नोंद असते. डोंगराळ रस्ते, कडक ऊन, धूळ, सततची कोंडी, जास्त वजन असेल तर ऑइल लवकर तपासा किंवा बदला, असे तिथे लिहिलेले असते. पुण्या-मुंबईच्या गाडीचे हे रोजचेच जगणे आहे. म्हणजे पुस्तकातला अपवाद हा आपला नियम आहे. तरी काउंटरवर ऐकायला मिळते, ‘ऑइल लाइफटाइम आहे, बघायची गरज नाही.’ लाइफटाइम कोणाचे, ऑइलचे की गिअरबॉक्सचे, हे विचारायला हवे. क्लच झिजणारा भाग म्हणून बहुतेकदा वॉरंटीबाहेर राहतो आणि काही गाड्यांत त्याचा खर्च लाखाच्या पुढे जातो.

म्हणून कंपन्यांकडे तीन मागण्या आहेत. भारतातल्या वापरासाठी ‘कठीण वापरा’चे वेळापत्रक हेच मुख्य वेळापत्रक माना. गिअरबॉक्सचे तापमान थेट डॅशबोर्डवर दाखवा, कारण इशारा येतो तोवर उशीर झालेला असतो. आणि घाटात गाडी कशी चालवायची, याचे मराठीतले एक पान गाडी देतानाच हाती द्या.

तोवर आपण काय करावे?

चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. हिल होल्ड गाडीला दोन-तीन सेकंदच धरतो, हे लक्षात ठेवा. पुढची गाडी दोन फूट सरकली म्हणून लगेच सरकू नका. अंतर पडू द्या आणि एकदाच पुढे जा. मॅन्युअल मोड असेल तर खालच्या गिअरमध्ये चढा. उतरतानाही खालचाच गिअर ठेवा, न्यूट्रल कधीच नाही. टपावरचे ओझे कमी करा. इशारा आलाच तर सुरक्षित जागा मिळताच थांबा, एसी बंद करा आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी थंड होऊ द्या. परत आल्यावर ऑइल तपासून घ्या. काळपट रंग आणि जळका वास ही धोक्याची खूण आहे.

शेवटचे, पण महत्त्वाचे. गाडी बंद पडली तर दोरी बांधून ओढत नेऊ नका. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन बंद असताना ऑइलचा पंप फिरत नाही, पण चाकांबरोबर आतले भाग फिरत राहतात, तेही वंगणाविना. फ्लॅटबेड बोलवा. त्याचे काही हजार जड वाटतील, पण नवा गिअरबॉक्स त्याहून कितीतरी जड पडतो.