वांकिडीचा मराठी प्रेक्षक

तेलंगणातील वांकिडी हे गाव आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक नसेल, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. मंचेरियालहून आसिफाबादमार्गे महाराष्ट्राकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, हद्दीच्या अलीकडचे हे मंडलाचे ठिकाण. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ च्या पुनर्रचनेनंतर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. हद्दीपलीकडचा राजुरा तालुकाही १९५६ पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो प्रथम नांदेडला आणि १९५९ साली चांद्याला जोडला गेला. राजुरा गेला, वांकिडी राहिले. रेघ कोठे तरी ओढावीच लागते हे आम्हांला मान्य आहे. परंतु ती जेथे ओढली जाते तेथे दोन्ही अंगांना परकी ठरलेली माणसे उरतात. वांकिडीच्या बाजूला मराठी कुटुंबे आहेत, तशी राजुऱ्याच्या बाजूला तेलुगू आहेत, आणि या दोहोंच्या आधीपासून तेथे नांदत आलेला गोंड समाज दोन्हीकडे आहे.

आज या भागाची आठवण काढली ती सीमावादासाठी नव्हे, दूरचित्रवाणीसाठी. घराच्या छपरावर थाळी बसवून उपग्रहावरून थेट चित्र घेण्याची सोय आता खेडोपाडी पोहोचली आहे. २०२२ च्या जूनमध्ये फ्रेंच गयानातून सोडलेला जीसॅट-२४ हा उपग्रह तर मुख्यत्वे याच कामासाठी बांधला गेला. पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरांवरून तो सबंध देशावर प्रक्षेपण करतो. त्याच्या किरणांना राजुरा आणि वांकिडी यांतला भेद कळत नाही. हा भेद कळतो तो फक्त कंपन्यांच्या दरपत्रकाला.

ही दरपत्रके राज्यवार आखलेली असतात. महाराष्ट्राचा पत्ता दिला की मराठी पॅक पुढे येतो, तेलंगणाचा दिला की तेलुगू. वांकिडीतल्या ग्राहकाला मराठी वाहिन्या मिळतच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. मागितल्या तर मिळतात. पण त्या वेगळ्या निवडून, वेगळे पैसे मोजून. आणि तेलुगू त्याला सोडता येत नाही, कारण त्याच्या राज्याचा कारभार, बाजारभाव, मुलांचे पुढचे शिक्षण हे सारे तेलुगूत आहे. म्हणजे दोन भाषांत जगणाऱ्या घराला दोन भाषांचा भुर्दंड. त्यातून एचडी, म्हणजे सुस्पष्ट चित्र, हवे असेल तर तो आणखी वाढतो. कारण साधी वाहिनी आणि तिचेच एचडी रूप या दरपत्रकात दोन निराळ्या वस्तू आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धती अमलात आली, तेव्हा शंभर वाहिन्यांसाठी करांव्यतिरिक्त १३० रुपयांची मर्यादा होती आणि त्या शंभरांत एक एचडी वाहिनी दोन वाहिन्यांच्या जागी धरली जाई.

येथे एक आक्षेप येणार हे आम्ही जाणून आहो. ज्या मुलखात कापसाच्या भावावर घराचे वर्ष ठरते, तेथे सुस्पष्ट चित्र ही चैन नव्हे काय? आमच्या मते नव्हे. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात, एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. जुन्या फुगीर काचेच्या लहान संचावर हा फरक फारसा जाणवत नसे. आज बाजारात मिळतो तो मोठा सपाट संच, आणि त्यावर साधे चित्र पसरट व धूसर दिसते. कापसाच्या बोंडातली गुलाबी अळी किंवा पानावरचे रोगाचे ठिपके दाखवणारा कृषितज्ज्ञ दाखवतो काय हेच जर कळले नाही, तर त्या कार्यक्रमाचा उपयोग काय? 'आमची माती आमची माणसं' हा मुंबई दूरदर्शनचा कार्यक्रम शेतकरी पिढ्यानपिढ्या पाहत आला तो करमणुकीसाठी नव्हे.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. सगळे फोनवर दिसते, थाळीचे दिवस संपले, असे शहरातील मंडळी सांगतात. खाजगी कंपन्यांचे थाळीग्राहक २०२४ च्या अखेरीस सहा कोटींच्या खाली आले, हे खरे. परंतु डोंगराळ वस्तीत, जेथे फोनवर बोलतानाच आवाज तुटतो, तेथे अखंड चित्राची भाषा करणे व्यर्थ आहे. शिवाय म्हाताऱ्या आईसह सारे घर मिळून पाहते ते भिंतीवरच्या संचावर. (पावसाच्या जोराच्या सरीत थाळीचे चित्रही गोठते, हे आम्हां गोमंतकीयांना सांगायला नको.)

उपग्रहाने मराठीला उशिरा हात दिला. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उपग्रहावरून देशातील सहा राज्यांच्या २४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो नामांकित प्रयोग झाला, त्यात आंध्र प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. कार्यक्रम हिंदी, तेलुगू, कन्नड व उडिया भाषांत होते. त्यानंतर पाव शतकाने, २००० साली, हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून ई टीव्ही मराठी ही वाहिनी निघाली. मराठी वाहिनी तेलुगू राजधानीतून चालू शकली, कारण धंद्याने तेव्हा राज्य न पाहता भाषा पाहिली. तीच वाहिनी आज कलर्स मराठी या नावाने ओळखली जाते आणि २०१६ पासून ती एचडीतही दिसते. मग ती पाहणाऱ्याचेच राज्य का पाहावे?

कारण उघड आहे. प्रेक्षकसंख्या मोजणारी बार्क ही संस्था देशाचे बाजार पाडते त्यात 'महाराष्ट्र-गोवा' हा एक आहे आणि 'आंध्र-तेलंगण' हा दुसरा. वांकिडीचे मराठी घर दुसऱ्या रकान्यात पडते, आणि मराठी वाहिनीच्या जाहिरातदाराला त्या रकान्यात स्वारस्य नसते. आपण गोवेकर पहिल्या रकान्यात बसलो म्हणून आपले मराठी वाचक सुखी आहेत. त्यातून कोकणी प्रेक्षकाच्या पदरात काय पडते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कायद्याचीही दृष्टी पूर्वी हीच होती. केबलचालकाने दूरदर्शनची राज्याच्या प्रादेशिक भाषेतील वाहिनी दाखवलीच पाहिजे, असे १९९५ चा केबल कायदा पूर्वी म्हणत असे. राज्याला भाषा एकच असते हे त्याने गृहीत धरले होते.

तेव्हा करता येण्याजोगे काय? नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या जुलैत वाहिनीजोडणीच्या शुल्कावरील कमाल मर्यादा काढली आणि प्रदेशानुसार वा ग्राहकवर्गानुसार वेगळे शुल्क आकारण्याची मोकळीक कंपन्यांना दिली. ही मोकळीक सीमाभागातील दुभाषी घरांसाठी वापरावी: एकाच भाषेच्या पॅकच्या किमतीत दोन भाषांचा, एचडीसह, पॅक द्यावा. वांकिडीला मराठी-तेलुगू, राजुऱ्यालाही तोच, बेळगावला मराठी-कन्नड. कंपन्या स्वतःहून हे करतील असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. प्राधिकरणाला त्यांच्यामागे लागावे लागेल.

प्रसार भारतीकडे तर निमित्त आयतेच आहे. २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने २५३९ कोटींहून अधिक खर्चाची जी योजना मंजूर केली, तीत दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती आणि आकांक्षित जिल्ह्यांतील लोकांना डीडी फ्री डिशचे आठ लाखांवर सेट-टॉप बॉक्स मोफत वाटण्याचे ठरले होते. सीमावर्ती म्हणजे परराष्ट्राच्या सीमेवरचे. राज्याराज्यांमधल्या सीमेवरच्या माणसाला त्यात जागा नाही. परंतु आसिफाबाद आदिवासी आहे आणि आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आहे. यापुढे तेथे जे बॉक्स वाटले जातील ते एचडी चित्र घेणारे असावेत. त्यांवर हैदराबादची यादगिरी आणि मुंबईची सह्याद्री या दोन्ही वाहिन्या सारख्याच स्पष्ट दिसाव्यात, आणि गोंडीतील कार्यक्रमांना रोजची ठरलेली वेळ असावी. चंद्रपूरच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न संसदेत विचारावा. आदिलाबादच्या प्रतिनिधींनी विचारला तर अधिक बरे, कारण ग्राहक त्यांचा मतदार आहे.