विषयांतराला पत्ता द्या

पावसाळा लागला की सातारा-सांगलीकडचे छंदाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भरात येतात. कोणी कासच्या फुलांचे फोटो टाकतो, कोणी वासोट्याच्या वाटेची खबर देतो, कोणी जुन्या पेटीत सापडलेला मोडी कागद वाचायला ठेवतो. त्याच ग्रुपांवर शुभ सकाळ, वाढदिवस, पुढाऱ्यांचे फलक आणि मधुमेहावरचे घरगुती उपायही अखंड येत राहतात, आणि ‘चालायचंच’ म्हणून आपण अंगठ्याने वर सरकवतो. हे चालवून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. असल्या पसाऱ्याने वेळ जातो ही तक्रार जुनी आणि किरकोळ आहे. खरे नुकसान वेगळेच होते. ग्रुप ज्यांच्या जिवावर उभा असतो ती माणसे निघून जातात, आणि त्यांच्यामागे राहिलेले ज्ञानही सापडेनासे होते.

समजा, बत्तीस शिराळ्याकडच्या एखाद्या वस्तीवर रात्री घरात साप निघाला. काळसर अंग, त्यावर पांढरे आडवे पट्टे. मण्यार असेल तर जहाल विषारी, कवड्या असेल तर बिनविषारी. दोन्ही रात्री फिरतात, दोन्ही घरात शिरतात, आणि घाबरलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. मण्यारीचे पट्टे मानेकडे पुसट असतात किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपाशी ठसठशीत सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ असते, तीही जाणकाराची नजर शोधते. (साप चावला असेल तर मात्र ग्रुपवर विचारत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.) लांबून काढलेला फोटो ग्रुपवर पडतो. तो बघून दोन ओळींत उत्तर देऊ शकणारा माणूस ग्रुपमध्ये आहेही, पण रोजच्या शुभेच्छांच्या भडिमाराने त्याने ग्रुपचा आवाज केव्हाच बंद करून ठेवला आहे. जाणकार माणसे भांडून बाहेर पडत नाहीत. ती गप्प होतात, आणि सदस्यांच्या यादीत नाव तसेच राहिल्यामुळे ती गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरे नुकसान स्मरणाचे. कास पठारावर सुमारे ८५० जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. तिथली टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. म्हणजे तिच्या एका बहराची दुसऱ्याशी तुलना करायची, तर आज कोणीतरी तारीख आणि ठिकाण घालून टाकलेला फोटो सात वर्षांनी हाती लागला पाहिजे. हौशी माणसांकडून विज्ञानाला मिळू शकणारी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे: दरवर्षी त्याच वाटेने जाऊन केलेली, तारीख घातलेली साधी नोंद. आता एखाद्या भरकटलेल्या ग्रुपवर कंदीलपुष्पाची जुनी नोंद शोधून पाहा. ‘कंदील’ हा शब्द टाकला की दिवाळीच्या शुभेच्छा वर येतात, आकाशकंदिलांची चित्रे येतात. फूल त्यांच्या तळाशी कुठेतरी असते.

या दुखण्यावरचा उपाय आपल्याच मातीत आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हार ठरवणारी २२ निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांतल्या एकाचे नाव अर्थांतर: चालू मुद्दा सोडून भलतेच बोलणे. विषय सोडणे हा तिथे नुसता बेशिस्तपणा नाही, तो पराभव आहे. याच न्यायशास्त्रात मुरलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडले, आणि वाईतच त्यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. विश्वकोशाची कोणतीही नोंद उघडा. लिहिणाऱ्याला शेजारच्या विषयाचा मोह झालाच नसेल असे नाही, पण नोंद आपल्या विषयाला धरून चालते आणि पुष्कळदा शेवटी एक शब्द येतो, ‘पहा’, त्यापुढे दुसऱ्या नोंदीचे नाव. हा छोटासा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात वाचकाला दटावणे नाही, ‘इथे हे नको’ असे तोडून टाकणे नाही. तुझा प्रश्न रास्त आहे, त्याची जागा तिकडे आहे, एवढेच तो सांगतो. आपल्या ग्रुपांवर विषयांतर करणाऱ्याला एकतर सगळे सहन करतात, नाहीतर चारचौघांत झापतात. त्याला पत्ता मात्र कोणी देत नाही.

यावर म्हटले जाते की गप्पांची गोडी आडवळणातच असते, फार कुंपणे घातली तर छंदाचा जीव जाईल. कुंपणाची भीती सातारकरांना तरी समजावून सांगायला नको. कासच्या पठाराला लोखंडी जाळी ठोकली, गुरांची चराई थांबली, आणि फुले घटली ती यामुळेच का, यावर मोठा वाद झाला. पुढे ती जाळी काढावी लागली. पण हा वाद फुलांच्या ग्रुपवर झाला तर ते विषयांतर नव्हेच. फुलावरून चराईवर, चराईवरून पठाराखालच्या गावांच्या पोटापाण्यावर बोलणे गेले तर ते फुलाच्याच मुळाशी गेले. फुलाला आजी कोणत्या नावाने हाक मारायची, कोणत्या दुखण्यावर त्याचा पाला लावायची, हेही विषयातलेच. कसोटी सोपी आहे. बोलणे विषयातून फुटले आहे, की कुठल्याही ग्रुपवर जसेच्या तसे चिकटवता येईल असे आहे? पहिल्याला मोकळे रान द्यावे, दुसऱ्याला वाट दाखवावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसावर वेळ आली की विषय कसला बघता? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली. तशा वेळी फुले आणि पक्षी बाजूला ठेवून सगळ्यांनी पाण्याबद्दलच बोलले पाहिजे, यात शंका नाही. पण त्या बोलण्यावर विश्वास कोणत्या ग्रुपवर बसेल? पुरात जुने व्हिडिओ आणि धरणांच्या अफवा पाण्याइतक्याच वेगाने पसरतात. जिथे एरवीही कोणी स्थळ-काळ सांगितल्याशिवाय फोटो टाकत नाही, तिथेच ‘हा व्हिडिओ कुठला, कधीचा’ हा प्रश्न लगेच विचारला जातो. संकटात विषय सोडायचा तो अशा सवयीच्या माणसांनीच नीट सोडावा.

उरला अ‍ॅडमिनच्या दादागिरीचा प्रश्न. सदस्याच्या मजकुराबद्दल केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले. तेव्हा कायद्याच्या धाकाने संदेश पुसत बसण्याचे कारण नाही. नियम सदस्यांनी मिळून ठरवावा, आणि अ‍ॅडमिनला तो आधी लागू व्हावा. त्याच्या साहेबांच्या वाढदिवसाचा फलक पहिल्यांदा निघावा. कारखान्यांच्या आणि पंचायतींच्या राजकारणात दुभंगलेल्या या दोन जिल्ह्यांत, गट आणि जात न विचारता प्राध्यापकाने गुराख्याला ‘दादा, हे फूल तुम्ही कुठं पाहिलं?’ असे विचारण्याच्या जागा थोड्या उरल्या आहेत. एक प्रचाराचा फलक पडला की निम्मे लोक परके होतात, आणि बहुधा गुराखी आधी गप्प होतो.

करायचे ते फार नाही. गप्पांसाठी, शुभेच्छांसाठी शेजारी दुसरा ग्रुप काढावा. तिथे मनसोक्त बोलावे, सुखदुःखे सांगावीत. मूळ ग्रुपच्या माहितीत दोनच ओळी लिहाव्यात: फोटोसोबत तारीख आणि ठिकाण लिहा, बाकी सर्व गोष्टींसाठी पहा, आणि त्यापुढे त्या दुसऱ्या ग्रुपचा दुवा.