इंद्रायणीचा फेस आणि प्रयोगवहीतले मौन

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते आणि कार्तिक वद्य त्रयोदशीला संजीवन समाधीचा सोहळा असतो. या पर्वकाळांत गेल्या काही वर्षांत आळंदीच्या घाटावर एक दृश्य वारंवार दिसले. बंधाऱ्याखाली इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगत होते आणि त्याच फेसात उतरून वारकरी स्नान करीत होते, ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून मुखात घेत होते. वाहिन्यांनी चित्रे दाखविली, पुढाऱ्यांनी चिंता व्यक्त केली, प्रशासनाने उपाययोजना सुरू असल्याचे सांगितले. पालखी पुढे निघाली आणि तिच्यामागोमाग हा विषयही आळंदीतून निघून गेला.

हा फेस काही गूढ नाही. कपडे-भांडी धुण्याच्या चुऱ्यांतील आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातील फेसकारी रसायने प्रक्रियेविना नदीत येतात. बंधाऱ्यावरून कोसळताना पाणी घुसळले जाते आणि फेस धरतो. दहावीच्या विद्यार्थ्याला हे समजावून सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. प्रश्न असा की, देहू, आळंदी, चिखली, मोशी या परिसरातील शाळांत शिकणाऱ्या मुलांना नदीचे पाणी तपासून, ते असे का झाले हे स्वतः शोधण्याची संधी कोणी देते काय?

कागदावर पाहिले तर उणीव कशाचीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून मुलांना परिसरातील प्रश्नांवर प्रकल्प करावयास सांगत आली आहे. महाराष्ट्रात तर नववी-दहावीसाठी ‘जलसुरक्षा’ या नावाचा स्वतंत्र श्रेणी विषयच आणला गेला. परंतु श्रेणी विषय म्हणजे काय, हे प्रत्येक पालक जाणतो. वर्षाअखेरीस एक वही, एक तक्ता, एक श्रेणी आणि पुढच्या इयत्तेत प्रवेश!

त्या वहीत काय असते? नदीचे पाणी आणले, निर्देशक कागद बुडविला, सामू साडेसात आला, ‘पाणी सामान्य आहे’ असा निष्कर्ष लिहिला. घरगुती मैलापाण्याचा सामूही बहुधा याच पट्ट्यात असतो, हे मात्र मुलाला कोणी सांगत नाही. मैला वाहून आणणारा नाला या एकाच परीक्षेत सन्मानाने उत्तीर्ण होतो! त्यापुढे ‘प्रदूषणाची कारणे’ हे शीर्षक येते आणि त्याखाली मार्गदर्शकातून उतरविलेली यादी येते : सांडपाणी, मूर्तिविसर्जन, निर्माल्य, कपडे धुणे, जनावरे धुणे. उत्तर तपासणीच्या आधीच ठरलेले असते. शहरभराचे मैलापाणी आणि गावातल्या माउलीने घाटावर धुतलेले लुगडे ही दोन्ही त्या यादीत एकाच मापाची कारणे ठरतात.

ही तुलना अज्ञानातून येते, असे मानणे भोळेपणाचे होईल. ती अनेकांच्या सोयीची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशाच्या नागरी भागात रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे शंभरातील अठ्ठावीस. उरलेले बहात्तर भाग नदी, ओढे, तळी आणि समुद्र यांच्या वाट्याला. तेही वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. याच मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले गेले आणि त्यांपैकी सर्वाधिक, ५५, एकट्या महाराष्ट्रात निघाले. संतांची भूमी म्हणून मिरविणाऱ्या राज्याला हा पहिला क्रमांक भूषणावह नाही.

तरीही नदीच्या प्रदूषणाची चर्चा वर्तमानपत्रांत रंगते ती प्रामुख्याने अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी नमुने घेतले जातात, आकडे छापले जातात आणि हिंदूंच्या सणांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. शास्त्राची साधी अपेक्षा अशी की, त्याच जागेचा, त्याच वेळेचा नमुना चैत्रातही घ्यावा, माघातही घ्यावा. ज्या पात्रात फाल्गुनातही मासा जगत नाही, त्या पात्राचा गुन्हेगार भाद्रपदात शोधणे हे शास्त्र नव्हे.

मात्र येथेच हिंदू समाजाने स्वतःलाही प्रामाणिकपणे एक प्रश्न विचारला पाहिजे. तपासणी निःपक्षपाती हवी, तर ती विसर्जनाचीही व्हावयास हवी. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात महिनोन्‌महिने विरघळत नाही, हे सत्य आहे. तिच्यावरील रासायनिक रंगांत जड धातू असू शकतात, हेही सत्य आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती विरघळवून खत मिळविण्याची पद्धत दिली. शाडूची मूर्ती तर परंपरेनेच दिलेली आहे. भग्न, अर्धवट विरघळलेली मूर्ती चिखलात रुतलेली पाहून ज्याच्या काळजात कालवाकालव होत नाही, त्याच्या भक्तीविषयी काय बोलावे? पंधरा फुटी मूर्तीचा आग्रह हा मंडळाच्या वर्गणीचा विषय असेल, धर्माचा नाही. स्मृतिग्रंथांनी पाण्यात मलमूत्र टाकणे, इतकेच काय थुंकणेही निषिद्ध मानले आहे. त्या आज्ञेचा भंग आज गटारीच्या नळांतून नगरपालिका करीत आहेत आणि तिचे पालन करण्याचा अभिमान सांगणारा समाज स्वस्थ बसला आहे.

विद्यार्थ्यांची तपासणी खरी व्हावयाची तर ती कशी असावी? प्रथम ठिकाणे ठरवावीत. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते. कामशेत, देहू, मोशी, आळंदी असा प्रवास करून तुळापूरला भीमेला मिळते, आणि तीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून पूजिली जाते. कामशेतच्या वरचा एक नमुना, देहूचा एक, पिंपरी-चिंचवडच्या बाजूचे नाले मिळाल्यानंतरचा एक आणि आळंदीच्या बंधाऱ्याखालचा एक. वेळ एकच, शक्यतो पहाटेची. दुपारी उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते आणि आजारी नदीही निरोगी भासते. रात्रीतून प्राणवायू खर्ची पडल्यावर पहाटे तिचे खरे रूप कळते. काही ठिकाणी रात्रीच्या अंधारात गुपचूप सोडलेले पाणीही पहाटेच हाती लागते, हा आणखी एक लाभ.

स्नानयोग्य पाण्यासाठी मंडळाचेच निकष आहेत : विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, जैवरासायनिक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नाही. प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज करता येते. मैल्यातील जिवाणूंसाठी तर महागड्या यंत्राचीही गरज नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली हायड्रोजन सल्फाइडची एक सोपी चाचणी दिली. छोट्या बाटलीत पाणी भरावे, उबदार जागी ठेवावे. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर मैल्याचा संसर्ग आहे असे समजावे. भारतीय शास्त्रज्ञांच्या बुद्धीतून निघालेली ही बाटली पुढे इतर देशांनीही स्वीकारली. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावोगाव पाणी तपासण्याचे संच दिले आणि प्रत्येक गावात पाच महिलांना ते वापरावयास शिकविण्याची योजना केली. तो संच ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून असेल, तर ते कपाट उघडण्याची मागणी शाळेने करावी.

पण आकडा मिळाला म्हणजे शोध संपला असे नव्हे. तो तेथे सुरू होतो. दोन ठिकाणांच्या दरम्यान प्राणवायू एकदम घसरला, तर त्या दोन ठिकाणांमध्ये कोणता नाला मिळतो? त्या नाल्याच्या वरच्या टोकाला काय आहे? अमोनिया आणि काळी बाटली मैल्याकडे बोट दाखवितात. रंग आणि सामूतील अचानक बदल कारखान्याकडे. काठाकाठाने दोन किलोमीटर चालले की उत्तर सापडते.

आणि नेमके हेच दोन किलोमीटर आपल्या शाळा चालू देत नाहीत. कारण त्या वाटेच्या शेवटी पत्ता असतो. तेथे बंद पडलेले प्रक्रिया केंद्र असते, एखाद्या वजनदार माणसाची गृहरचना असते, कधी शाळेला संगणक देणाऱ्या दात्याचा कारखाना असतो. मुख्याध्यापकांना संस्थाचालकांची भीती, संस्थाचालकांना नगरसेवकाची. म्हणून ‘प्रदूषण हा आपणा सर्वांचा दोष आहे’ असे गुळमुळीत वाक्य लिहून प्रकल्प सादर होतो. सर्वांचा दोष म्हणजे कोणाचाच नाही.

याचे मोल काय असते, ते इचलकरंजीने २०१२ साली पाहिले. दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसे मेली. त्या साथीत बळी पडलेल्यांच्या घरी ‘सर्वांचा दोष’ हे वाक्य कोणी म्हणून दाखवील काय?

एक आक्षेप श्रद्धाळू मंडळींकडूनही येतो. तीर्थाच्या पाण्याची परीक्षा घेणे हा नदीचा अवमान होय आणि आकडे जाहीर केल्यास भाविकांच्या भावना दुखावतात, असे ते म्हणतात. आईला ताप आला तर तापमापी लावणारा मुलगा आईचा अवमान करतो काय? भावना दुखावायच्याच असतील तर त्या आकड्याने नव्हे, फेसाने दुखावल्या पाहिजेत. शेकडो मैल चालून आलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्याला ओंजळीत काय घेतो आहे हे न सांगणे, याला श्रद्धेचे रक्षण म्हणता येणार नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना १९७० ची. केंद्राचा जलप्रदूषणविरोधी कायदा १९७४ चा. नदीचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे घटनेच्या ५१-क कलमात १९७६ साली लिहिले गेले. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे आणि कोणत्या केंद्राला किती पाणी सोडण्याची संमती आहे, हे दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. शिक्षकाने वा पालकाने तो अर्ज करावा, मुलांनी आपले आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत. दर महिन्याच्या एकादशीला शाळेने चारही ठिकाणांचे आकडे फळ्यावर लिहावेत आणि त्याची एक प्रत घाटावर, भाविकांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लावावी. कार्तिकी वारीला नगरपालिकेने तो फलक काढून टाकला, तर पालकांनी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लावावा.