सहा हजारांचा गिअर आणि कस्टमचा हिशेब

धानाचा बोनस, रेतीचे टिप्पर, गोसेखुर्दचं पाणी यावर आपण इथं रोजच भांडतो. आज विषय जरा वेगळा आहे. परदेशातून सायकलचा सुटा भाग मागवला तर सरकार त्यावर किती कर घेतं, कोणाकडून घेतं, आणि का घेतं. "हे श्रीमंतांचं दुखणं, आमचं काय?" असं म्हणून पुढं सरकायच्या आधी थोडं वाचा. कराचा नियम माणूस पाहून कसा बदलतो, हे या लहानशा वस्तूत फार स्वच्छ दिसतं.

आधी वस्तुस्थिती. आपल्या जिल्ह्यात धावणाऱ्या बहुतेक सायकलींना कस्टमशी काही घेणंदेणं नाही. शाळेत जाणाऱ्या पोरींची सायकल, दूधवाल्याची, धानाच्या बांधावर जाणाऱ्या म्हाताऱ्याची, सगळ्यांचा माल लुधियानाचा. छर्रे, एक्सल, फ्रीव्हील, चेन, पायडल, सगळं तुमसर-साकोलीच्या कुठल्याही दुकानात मिळतं आणि मिस्तरी अर्ध्या तासात बसवून देतो. लुधियानाचे हे उपकार मान्यच केले पाहिजेत. हिरो सायकल १९५६ साली तिथं सुरू झाली आणि तिच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांचं अख्खं शहर उभं राहिलं.

पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत दुसऱ्या प्रकारची सायकलही इथं आली. सकाळी कोका, रावणवाडीच्या रस्त्यावर, नाहीतर नागपूर-रायपूर महामार्गाच्या कडेनं हेल्मेट घालून चाललेले लोक तुम्ही पाहिले असतील. त्यात मास्तर आहेत, डॉक्टर आहेत, कारखान्यातले कामगार आहेत, कॉलेजचे पोट्टेही आहेत. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेची 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली, तेव्हापासून विदर्भात हे वेड वाढलं असं माझं निरीक्षण आहे. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. ती करणाऱ्या माणसाला दहा-अकरा पात्यांची कॅसेट लागते, नीट चालणारा मागचा गिअर लागतो, भर उतारावर धोका न देणारे ब्रेक लागतात. हा माल भंडाऱ्यात मिळत नाही. नागपुरात कधी मिळतो, कधी "मागवून देतो भाऊ, पंधरा दिवस लागतील" असं उत्तर मिळतं, आणि पंधराचे चाळीस होतात. मग माणूस मोबाइल उघडतो आणि बाहेरच्या देशातून मागवतो. खरा खेळ तिथून सुरू होतो.

समजा, गिअरचा एक भाग पोस्टेजसकट सहा हजार रुपयांना पडला. पोस्टेज मुद्दाम धरलं, कारण कस्टम भाड्यासकट किमतीवर लागतं, नुसत्या वस्तूवर नाही. हाच भाग दोन माणसांनी मागवला. एक मुंबईचा वितरक, दुसरा आपला साकोलीचा मास्तर.

वितरकाचा माल 'सायकलचे सुटे भाग' या मथळ्याखाली येतो. तिथं मूळ शुल्क २० टक्के, त्यावर थोडा समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यावर जीएसटी, जो बरीच वर्षं १२ टक्के होता. एकूण भार सदतीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सहा हजारांवर बावीसशे रुपये. त्यातला जीएसटी त्याला पुढं वजावटीत परत मिळतो, हे वेगळंच.

मास्तरनं तोच भाग स्वतःसाठी मागवला की पार्सल 'वैयक्तिक वापराच्या वस्तू' या मथळ्याखाली जायचं. तिथं मूळ शुल्क ३५ टक्के, त्यावर अधिभार साडेतीन, आणि या सगळ्यावर २८ टक्के जीएसटी. गुणाकार केला की आकडा येतो ७७.२८ टक्के. सहा हजारांवर ४,६३७ रुपये कर! मास्तरला वजावट नाही, परतावा नाही. एकाच डब्यातला, एकाच कारखान्याचा भाग. विकण्यासाठी आणला तर बावीसशे, वापरण्यासाठी आणला तर साडेचार हजारांच्या वर. बरीच वर्षं हे असंच चाललं, आणि कोणी अवाक्षर काढलं नाही.

काहून? कारण हा कर भरणारे लोक विखुरलेले आहेत. भंडाऱ्यात पाच, गोंदियात चार, चंद्रपुरात दहा. त्यांची ना संघटना, ना मोर्चा. ज्याची संघटना असते त्याचं म्हणणं दिल्लीत ऐकलं जातं, यात मला नवल वाटत नाही.

संघटनेचं म्हणणं कधी ऐकलं गेलं, तेही सांगतो. २०१२ च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी आयात सायकलींवरचं शुल्क १० वरून ३० टक्के केलं, आणि सुट्या भागांवरचं १० वरून २० टक्के. कारण होतं चीनमधून येणारा स्वस्त माल. देशी कारखाना वाचवायचा, हा हेतू मला चुकीचा वाटत नाही. लुधियानाच्या गल्लीत पायडल आणि रिम बनवणाऱ्या माणसाचं पोट त्यावर आहे. पुढं २०२३ मध्ये अख्ख्या सायकलीवरचं शुल्क आणखी वाढून ३५ झालं.

माझा प्रश्न फक्त एवढाच आहे की जे इथं बनतच नाही त्याला कोणापासून वाचवता? साध्या सायकलीचं फ्रीव्हील लुधियाना बनवतं, त्यावर शुल्क ठेवा, बरोबर आहे. पण वरच्या दर्जाचा गिअर, अकरा-बारा पात्यांची कॅसेट, हायड्रॉलिक ब्रेक? २०१२ पासून आजपर्यंत संरक्षणाची इतकी वर्षं गेली. आजही दुकानात जाऊन गिअरची कोणतीही बरी सायकल उलटी करून पाहा, गिअरवर बहुतेक शिमानोचंच नाव दिसेल. भारतीय कंपन्यासुद्धा स्वतःच्या सायकलीला बाहेरचाच गिअर लावतात. म्हणजे हे शुल्क देशी कारखान्याच्या भिंतीचं काम करत नाही, नुसत्या टोलनाक्याचं करतं.

आणि शुल्काच्या भिंतीनं धंदा वाचतोच असंही नाही. अॅटलस सायकलचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमक्या जागतिक सायकल दिनी. तेव्हा शुल्क काय कमी होतं? आपलं भंडारा तर पितळनगरी म्हणवतं. इथल्या कासाराला परदेशी पितळेनं मारलं नाही, स्टीलनं आणि अॅल्युमिनियमनं मारलं, आणि त्यावर कुठल्याही कस्टमचा इलाज नव्हता. असो, तो विषय पुन्हा कधी.

टायरचं प्रकरण तर याहून गमतीचं. जून २०२० मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयानं नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'निर्बंधित' यादीत टाकली. रोख होता ट्रक-कारच्या चिनी टायरवर. पण यादीत सायकलचे टायरही आले. निर्बंधित म्हणजे परवाना घेऊन आणा. ट्रकच्या टायरसाठी परवाना काढणारी कंपनी असते, तिचे वकील असतात. रेसिंग सायकलच्या दोन टायरसाठी परवाना कोण काढणार? मोठ्यासाठी लावलेला फास लहानाच्या गळ्यात पडतो तो असा.

त्याच्या आधी डिसेंबर २०१९ मध्ये भेटवस्तूंची सवलत गेली. पोस्टानं किंवा कुरिअरनं आलेली पाच हजारांपर्यंतची भेट तोवर शुल्कमुक्त यायची. काही विक्रेत्या कंपन्यांनी त्याचा गैरफायदा घेतला, विकलेला माल 'गिफ्ट' म्हणून पाठवला, म्हणून सरकारनं दारच लावून घेतलं. जीवरक्षक औषधं आणि राखी तेवढी वगळली. राखी वगळली हे बरं केलं. पण परदेशातल्या भावानं बहिणीला राखीच्या बदल्यात सायकलचा दिवा पाठवला, तर त्यावर कर! त्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर बंदी आली, आणि इंग्लंडचं विगल-चेन रिअॅक्शन हे दुकान २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेलं. भारतातले सायकलवाले वर्षानुवर्षं जिथून माल मागवायचे ती दोन्ही दारं अशी बंद झाली.

हे फक्त भारतातच होतंय असंही नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बिनशुल्क यायचं. तीही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी संपली. तेव्हा "बाहेर बघा कसं मोकळं आहे" असं म्हणायची सोय आता राहिली नाही.

आता चांगली बातमीही सांगितली पाहिजे, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. २०२५ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरचं मूळ शुल्क ३५ वरून २० वर आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा २८ चा टप्पाच गेला आणि या वस्तू १८ मध्ये आल्या. त्याच दिवशी सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ झाला. आणि २०२६ च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी वैयक्तिक वापराचा दर २० वरून १० टक्के करण्याचं जाहीर केलं. हा दर धरला तर मास्तरच्या सहा हजारांवरचा कर अठराशे रुपयांच्या आसपास येतो, आणि वितरकाचा सतराशेच्या आसपास. साडेचार हजारांवरून अठराशे. सरकारनं चांगलं केलं तर चांगलं म्हणायला जीभ अडखळू नये.

पण बाप्पा, दर कमी झाला म्हणून मास्तरच्या हातात पार्सल स्वस्तात पडेलच असं नाही. आता खरं दुखणं दरात नाही, पावतीत आहे.

माझाच अनुभव सांगतो. कुरिअर कंपनीचं नाव घेत नाही. पार्सल आलं, फोन आला, "इतके रुपये ड्यूटी, लिंकवर भरा." कशाचे किती? मूळ शुल्क किती, जीएसटी किती, तुमचं हाताळणी शुल्क किती? उत्तर नाही. "सर, सिस्टममध्ये एवढंच दिसतं." तीन दिवस भांडलो तेव्हा बिल ऑफ एंट्रीची प्रत मेलवर आली. तिच्यातली रक्कम आणि माझ्याकडून मागितलेली रक्कम यात कुरिअरच्या स्वतःच्या शुल्काचा फरक होता, आणि त्यावर पुन्हा जीएसटी. लहान पार्सलवर हा आकडा डोळ्यात भरण्याइतका होतो. तोवर गोदाम भाड्याची भीती दाखवून झालीच होती. शंभरातले नव्वद लोक काय करतील? भरतील आणि गप्प बसतील.

म्हणून ज्यांनी काही मागवलं आहे किंवा मागवणार आहेत, त्यांनी एवढं करा. पैसे भरण्याआधी बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. ती तुमच्या नावानं भरलेली असते, मागण्यात संकोच कसला? तिच्यात मथळा क्रमांक पाहा. ८७१४ म्हणजे सायकलचे भाग, ९८०४ म्हणजे वैयक्तिक वापर. दर त्यावरून ठरतो, आणि जुना दर लावलेला असेल तर तिथंच दिसतो. स्वतःच्या वापरासाठी, व्यापाराशी संबंध नसलेल्या आयातीला आयात-निर्यात कोड लागत नाही, त्यामुळं "आयईसी नाही तर माल परत जाईल" असं कोणी म्हटलं तर लेखी मागा. विक्रेत्याला "किंमत कमी लिहा" असं मात्र सांगू नका. पार्सल अडकलं की किंमत कस्टमवाले ठरवतात, आणि वर दंड.

दुकानदार भावांनाही एक सांगणं आहे. नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या चार-पाच दुकानांनी मिळून वर्षातून दोनदा एकत्र ऑर्डर केली, तर वितरकाकडून माल आजच्यापेक्षा स्वस्त आणि वेळेवर येऊ शकतो. मग कोणी मोबाइलवरून परदेशात कशाला जाईल? गिऱ्हाईक हवं असतं पण माल ठेवायचा नसतो, असं कसं चालेल? मिस्तरींना नवे गिअर जुळवायला शिकवणंही त्यातच आलं. आज मागच्या गिअरचा एक स्क्रू फिरवून घ्यायला माणूस साठ किलोमीटर नागपूरला जातो.

"हौसेला कर लागलाच पाहिजे" असं कॉमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. लागू द्या की. अठराशे रुपये मास्तर भरेल. पण ब्रेकपॅड हौस नाही, मागचा दिवा हौस नाही. महामार्गावर रेतीचा टिप्पर कानाजवळून जातो तेव्हा हौस आणि जीव यातला फरक लगेच कळतो. सरकारनंच सायकलींना रिफ्लेक्टर सक्तीचे केले, ते सुरक्षेसाठीच ना? मग सुरक्षेच्या भागांना शुल्कात वेगळी ओळ द्यायला काय हरकत आहे?

खासदारांना द्यायच्या निवेदनात मी तीन गोष्टी लिहिल्या आहेत: इथं न बनणाऱ्या गिअर आणि ब्रेकच्या भागांवरचं २० टक्के शुल्क खाली आणा, सायकलचे टायर निर्बंधित यादीतून बाहेर काढा, आणि पैसे मागण्याआधी कुरिअर कंपनीनं शुल्काचा तपशील लेखी देणं बंधनकारक करा. तिसरी मागणी सायकलवाल्यांपुरती नाही. पुस्तक, औषध, शिलाई मशीनचा भाग, काहीही मागवणाऱ्याच्या कामाची आहे. ज्यांच्याकडे गेल्या दोन वर्षांतली बिल ऑफ एंट्री असेल त्यांनी पत्ता आणि फोन नंबर झाकून तिचा फोटो मला पाठवा, निवेदनाला जोडतो. रविवारी सकाळी राइड संपल्यावर सह्या घेणार आहोत. सायकल नसली तरी या, चहा आहेच.