पणतीची काजळी

पणतीची काजळी बोटाला लागली, की मला फ्रेड हॉइल आठवतात. काजळी म्हणजे कार्बन. आणि तुमच्याआमच्या देहातला कार्बनही ताऱ्यांच्याच भट्टीतला. तीन हेलियम-केंद्रके जुळून तो होतो. पण पहिली दोन जुळतात न जुळतात तोच फुटतात! तिसऱ्याने गाठायचे केव्हा? १९५३ साली हॉइल कॅलिफोर्नियात म्हणाले, कार्बनच्या केंद्रकात सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची एक पातळी असलीच पाहिजे. एरवी विश्वात एवढा कार्बन दिसता ना. प्रयोगशाळेतल्या मंडळींना ते पटेना. पण शोधले, आणि ती सापडली!

मग हे जुळवले कुणी? आमच्या मातुःश्रींचे उत्तर तयार : ‘त्याची करणी!’ मी म्हणतो, मोडलेल्या स्थळांच्या पत्रिका कोण जपून ठेवतो? लग्न जमले त्या घरीच जुळलेल्या गुणांचे कौतुक. पातळी बरीच चुकली असती, तर हा प्रश्न विचारणारा जन्मालाच आला नसता.

पण खरे सांगू? एवढ्याने माझेही समाधान होत नाही. विश्वाची एकच पत्रिका आपण पाहिली; तिच्यावरून योजना की योगायोग, हे ठरवावे कसे? म्हणून बोट पुसण्याआधी मी क्षणभर त्या काळ्या ठिपक्याकडे पाहत राहतो.