कार्यानुभवाचा तास मुलांना परत द्या!

घोडबंदर गावातल्या, काशीमिऱ्यातल्या, चेण्यातल्या पालकांनो, आज संध्याकाळी एक काम करा. मुलाच्या वहीत वर्गाचे वेळापत्रक लिहिलेले असेल, ते काढून बघा. त्यात कुठेतरी ‘कला’ आणि ‘कार्यानुभव’ असे शब्द सापडतील. मग मुलाला विचारा, ‘मागच्या तासाला काय बनवलंस?’ बऱ्याच घरांत उत्तर येईल, ‘बाईंनी गणित घेतलं.’ नाहीतर, ‘फळ्यावर आंबा काढून दिला, तो आम्ही बघून काढला.’

कागदावर असलेला आणि वर्गातून गेलेला हा तास आपल्याला वाचवायचा आहे. त्यासाठी नवा कायदा नको की नवे पुस्तक नको. बालभारतीने ‘खेळू, करू, शिकू’ नावाचे पुस्तकच प्राथमिक वर्गांसाठी काढले आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. मुलाने कृतीतून, शोधातून शिकावे हे त्याच्या २९व्या कलमात लिहिले आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ही जाहीर केला. सगळे मंजूर आहे. फक्त मुलांच्या हाताला माती लागत नाही.

यात बाईंना दोष देऊन भागणार नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण ते सहावी ते आठवीला, आणि तेही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी असा माणूसच नाही. जे वय चिखलात हात घालण्याचे, त्याच वयाला हात धरून शिकवणारे कोणी नाही. वर्गशिक्षिकेनेच भाषा शिकवायची, गणित शिकवायचे, ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीचे काम करायचे आणि उरल्या वेळात चित्रकलाही घ्यायची. त्यात २०२१ पासून ‘निपुण भारत’ आले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे, हिशेब करता यावा, हे उद्दिष्ट चांगलेच आहे. पण तपासणीला येणारे साहेब वाचन विचारतात, वजाबाकी विचारतात. कात्री धरता येते का, हे कोणी विचारत नाही. जे विचारले जात नाही ते आधी मागे पडते आणि मग सुटते. वर्षअखेरीस प्रगतिपुस्तकात कलेची श्रेणी मात्र भरलेली असते.

रिकाम्या झालेल्या त्या जागी आले ‘प्रोजेक्ट’. स्टेशनरीच्या दुकानातून छापील चित्रांचा कागद आणायचा, रात्री अकरा वाजता आईने चित्रे कापायची, बाबांनी कार्डशीटवर चिकटवायची आणि सकाळी मुलाने ते गुंडाळून शाळेत न्यायचे. त्या कामात मुलाचे काय असते? नाव, इयत्ता आणि तुकडी.

हाताने केलेले काम काय शिकवते, हे मराठी घरांना नव्याने सांगायला नको. आपल्याकडे त्याची सर्वांत जुनी शाळा दिवाळीत अंगणात भरते. मुले किल्ला करतात तेव्हा जवळ बसून बघा. दगड-विटांचा ढीग रचून त्यावर मातीच्या राबडीत भिजवलेले पोते पसरायचे असते. राबडी पातळ झाली तर सगळी माती खाली ओघळते. पोते कोरडे राहिले तर वाळल्यावर पोपडे सुटतात. पायऱ्या वरून खाली कोरायला घेतल्या की ढासळतात, म्हणून त्या खालून वर थापत न्याव्या लागतात. अळीव किंवा मोहरी पेरली की पाणी हाताने शिंपडायचे. तांब्याने ओतले तर बी वाहून जाते. तीन-चार दिवसांत कोवळे हिरवे उगवते आणि मग भांडण सुरू होते, की मावळा केवढा हवा? तो बुरुजापेक्षा उंच दिसतोय! हे भांडण प्रमाणाचे आहे, म्हणजेच गणिताचे. आता बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. तो पाच मिनिटांत मांडून होतो आणि मुलाला काहीही शिकवत नाही.

आणि घोडबंदरच्या मुलांना तर खरा किल्लाच दाराशी आहे. खाडीकाठच्या टेकडीवर पोर्तुगीजांनी बांधलेला, १७३७ साली मराठ्यांनी साष्टीच्या मोहिमेत जिंकलेला. मुंबईतल्या शाळा सहलीची बस करून दूरदूरचे गड दाखवायला नेतात. आपल्या मुलांना हा चालत जाऊन बघता येतो. चौथीचा वर्ग एका सकाळी वर नेला, बुरूज नुसत्या नजरेने मोजायला सांगितला, तटाचा एक तुकडा समोर बसून काढायला लावला आणि परत आल्यावर शाळेच्या कोपऱ्यात मातीचा घोडबंदर उभा केला, तर इतिहास, भूगोल, भूमिती आणि कला चारही एकाच कामात होतात. किल्ला संरक्षित आहे, तेव्हा तिथली माती-दगड उचलायचे नाहीत, हा धडाही त्यातच आला.

रस्त्याच्या पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे आणि उद्यानातल्या पाड्यांवर वारली कुटुंबे राहतात. वारली चित्रे लग्नघराच्या भिंतीवर बायका काढत आल्या: शेणामातीने सारवलेल्या, गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभले. आपल्या शाळांत मात्र वारली येते ती छापील स्टेन्सिल होऊन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस स्वतः काढला की मुलाला कळते, की वरचा त्रिकोण किंचित कलला तर माणूस नाचायला लागतो, दोन्ही सरळ राहिले तर उभा राहतो. स्टेन्सिलमधून हे कळत नाही.

साहित्याला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येईलच. त्याचे उत्तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याने दिले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. माँटेसरीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. मग बिया, पाने, शिंपले, खडे हीच साधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. त्याच्याही आधी, १९३७ साली, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगाभोवती सगळे शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली होती. म्हणजे गरीब देशाला परवडेल असे शिक्षण याच मातीत आखले गेले.

आजही ते परवडते. रद्दी वर्तमानपत्रे दोन-तीन दिवस भिजवा, कुटून लगदा करा, त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळा, पालथ्या वाटीवर थापा आणि वाळू द्या. मेथी चिकटपणा देते आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही. आपल्या आज्यांनी याच पद्धतीने टोपल्या केल्या आणि वर्षानुवर्षे वापरल्या. चाळीस मुलांच्या वर्गाला लागते काय? रद्दी, मूठभर मेथी आणि दोन बादल्या पाणी.

‘आधी लिहिता-वाचता येऊ दे, मग हे लाड,’ असे म्हणणारे पालकही भेटतात. त्यांना विनंती, की पहिलीतल्या मुलाची बोटे बघा. मळलेली माती दाबणारी, कात्री चालवणारी, दोरा ओवणारी बोटेच पेन्सिल नीट धरतात. कागदाची घडी घालून अर्धा, पुन्हा घडी घालून पाव केलेल्या मुलाला अपूर्णांक परका वाटत नाही. आणि मिरा-भाईंदरसारख्या शहरात, जिथे पालिकेला मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा चार माध्यमांच्या शाळा चालवाव्या लागतात, तिथे कालच गावाकडून आलेले, बाईंची भाषा न कळणारे मूलही माती मळताना मागे राहत नाही. वर्गात त्याला पहिली शाबासकी तिथेच मिळू शकते.

तेव्हा आता करायचे काय? पालिका आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पालिका शाळांत विकास आराखडाही हीच समिती करते; अनुदानित शाळांत ती सल्ला देते. तिथे ठराव मांडा: कलेचा आणि कार्यानुभवाचा तास दुसऱ्या विषयाला दिला जाणार नाही, शाळेच्या निधीतून माती, गेरू, कागद, बोथट टोकाच्या कात्र्या यांसाठी ठरावीक रक्कम निघेल, महिन्यातला एक आनंददायी शनिवार पूर्ण हातकामाचा असेल. महापालिकेकडे मागणी करा, की प्राथमिक शाळांच्या प्रत्येक गटासाठी एक कलाशिक्षक नेमा, तो आलटून पालटून शाळांत जाईल. नगरसेवक मत मागायला दारात आले की रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर हाही प्रश्न विचारा.

मुख्याध्यापकांनो, बाहेरच्या माणसांना वर्गात येऊ द्या. उत्तनचा जाळे विणणारा कोळी, पाड्यावरची वारली बाई, गणपती घडवणारा मूर्तिकार, गोधडी शिवणारी आजी यांच्यापैकी कोणाकडे पदविका नसेल, पण हात आहे. त्यांना मानाने बोलवा आणि मानधनही द्या.

आणि पालकांनो, आपल्यापुरते एक पथ्य पाळा. मुलाचे प्रोजेक्ट करून देऊ नका. वाकडे होऊ द्या, डिंक सांडू द्या, बाहेरून विकत आणू नका. बाईंनाही सांगा, की आमच्या मुलाचे वाकडे काम चालेल, आमचे सरळ काम घेऊ नका.

तुमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची पुढची सभा कधी आहे, ते उद्याच विचारून घ्या. आणि त्या दिवशी जा.